भिंतीपलीकडची ऊब

नाही, तुम्हीच सांगा, भिंतीच्या या बाजूला एक माणूस कोळसा जाळून जाळून पाणी तापवतोय, आणि त्याच भिंतीच्या त्या बाजूला त्याचा सख्खा भाऊ मोठाले पंखे लावून गरमागरम हवा रस्त्यावर फेकतोय, आणि हे एक-दोन दिवस नाही, वर्षानुवर्षं चाललंय... याला काय म्हणायचं? बरं, दोघंही धंद्यात मुरलेले. दोघंही जगाला शहाणपण शिकवणारे. आणि मी? मी दोघांचा मावसभाऊ. म्हणजे तसा कुणाचाच नाही.

तुम्हाला सांगतो, थोरल्यांचा बर्फाचा कारखाना आणि धाकट्यांची लाँड्री. लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरची टपरी समजू नका, हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, बॉयलर, धुराडं, सगळा थाट. मी तिथं काउंटरवर बसतो. दोघांचे वडील होते तोवर हे दोन्ही एकाच छपराखाली होतं. ते गेले, वाटणी झाली, तरी दोघं बोलत होते हो. मग एका लग्नात, जेवणाच्या टेबलावर, थोरले शेजारच्या पाहुण्यांना म्हणाले, "हा आमचा धाकटा. लोकांचे कपडे धुतो." धाकट्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाले, "आणि हे आमचे दादा. पाणी विकतात. गोठवून."

झालं. घरी येऊन कपडे बदलायच्या आत विटा मागवल्या. मधली भिंत उभी राहिली आणि तेव्हापासून सगळं निरोपावर. "त्याला सांग, तुझा टेम्पो माझ्या दारात लागतो." "त्यांना सांग, दार त्यांचं आहे, रस्ता नाही." आणि हे सांगायला जाणार कोण? मी.

आता आमच्या वहिनी. धाकट्यांची बायको. लाँड्री नावाला धाकट्यांची, चालवतात वहिनी. कुठल्या चादरीला कुठला डाग, कुठल्या हॉटेलचा मॅनेजर चिडका, कुठल्या बाईच्या मुलीला ताप, सगळं त्यांना ठाऊक. तर एक दिवस हॉस्पिटलच्या मेट्रनबाई स्वतः आल्या. हातात चादर. आमचीच, धुतलेली, घडी घातलेली. उलगडून उजेडात धरली तर तिच्यावर बारीक काळे ठिपके. कशाचे? आमच्याच धुराड्याचे. म्हणजे धुणार आम्ही आणि काळं करणारही आम्हीच. मेट्रनबाई शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या वर्षीपासून आम्ही धुराची लाँड्री घेणार नाही. आणि इथली, कालव्याकाठची कोळशाची धुराडी तशीही बंद होणार आहेत, ऐकलं असेल तुम्ही."

ऐकलं होतं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

हॉस्पिटल गेलं म्हणजे लाँड्रीत उरलं काय? संध्याकाळी वहिनी इस्त्रीखात्यात गेल्या. तिथल्या बाया सासऱ्यांच्या काळापासूनच्या, त्यातल्या काहींच्या तर आयाही तिथंच राबलेल्या. सगळ्यांत जुनी जी, तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, ती इस्त्री न थांबवताच म्हणाली, "आम्ही दुसरीकडं काम बघायचं का, वहिनी? लपवू नका, नीट सांगा." वहिनींनी पलीकडची चादर उचलून घडी घातली. मग म्हणाल्या, "आज तरी नका बघू." एवढंच. पण त्या रात्री जेवल्या नाहीत, हे मला धाकट्यांनीच सांगितलं.

मग त्यांनी विकास मंडळाचा हरित निधी शोधून काढला. हरित गुंतवणूक म्हणतात. मला वाटलं, झाडं लावायची असतील. तर तिकडून एक साहेब आले. किडकिडीत, चष्मा, बोलणं असं की इस्त्रीखात्यातल्या बायांनी ऐकू यावं म्हणून पंखे बंद केले आणि ऐकू आल्यावर पुन्हा लावले. "शाश्वत विकास म्हणजे परिसराच्या अर्थव्यवस्थेतील संसाधनांचं..." वहिनी म्हणाल्या, "साहेब, बॉयलर बंद करायचाय. बाया बंद करायच्या नाहीत. होईल का?" साहेब बिचारे एकदम माणसात आले. म्हणाले, "एकट्या दुकानात आम्ही पैसे घालत नाही. एकाचं वाया जाणारं दुसऱ्याच्या कामी येत असेल, तर घालतो. तुमच्याकडं काय वाया जातं?" धाकटे म्हणाले, "साबणाचं पाणी."

साहेब हसले, मागं सरकले, ओल्या फरशीवरून त्यांचा पाय सटकला, त्यांनी भिंतीला हात टेकला... आणि तो हात तिथंच राहिला. "ही भिंत गरम कशानं?"

त्या भिंतीचं नाव आमच्याकडं कुणी काढत नाही. शेवटी मीच बोललो, "पलीकडं बर्फ होतो."

"बर्फ? अहो, मग काय," म्हणून साहेब असे खुलले, असे खुलले की विचारू नका. पाण्याचा बर्फ करायचा म्हणजे त्यातली उष्णता ओढून कुठंतरी टाकावी लागते, ती पलीकडं रस्त्यावर टाकतात, तीच आपण पाइपानं इकडं घेऊ, पाणी तापवू, जी थोडी कसर राहील ती छपरावरचे सौर पॅनेल भरून काढतील, कोळशाचं कामच नाही. "फक्त पलीकडच्या मालकांची संमती तेवढी आणा."

तेवढी. जणू शेजारून चिमूटभर मीठ आणायचंय. आणि हे सांगायला जाणार कोण? मी.

गेलो. थोरल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्याला सांग, माझी उष्णता काही फुकटची नाही." मी म्हटलं, "अहो दादा, तुम्ही ती रस्त्यावर फेकता." "रस्त्यावर फेकीन. कुत्र्यांना ऊब मिळेल." परत आलो. धाकटे म्हणाले, "त्यांना सांग, मी गार पाण्यात धुईन, पण त्यांच्या दारात जाणार नाही." हॉस्पिटलच्या चादरी, गार पाण्यात. हे मी मेट्रनबाईंना सांगू? पुन्हा तिकडं, पुन्हा इकडं, माझ्या चपला झिजल्या आणि दोघांचा शब्द तसूभर हलला नाही.

शेवटी वहिनी उठल्या. एप्रनसुद्धा काढला नाही. मला म्हणाल्या, "तुम्ही चला, पण तोंड उघडू नका." भिंत झाल्यापासून त्या पहिल्यांदा कारखान्यात शिरत होत्या. चालताना पदर दोनदा सारखा केला. आम्ही आत पाऊल टाकतो न टाकतो तोच यंत्र घरघरलं आणि बंद. माणसं ओली पोती घेऊन धावली. थोरले कपाळ पुसत उभे. भावजय समोर दिसल्यावर त्यांनी रुमाल घाईनं खिशात कोंबला.

वहिनींनी विचारलं, "भाऊजी, हे रोज होतं?"

"उन्हाळ्यात होतं. यंत्र तापतं."

"म्हणजे तुमचं यंत्र उष्णतेनं मरतंय, आणि आम्ही तिच्यावाचून."

थोरल्यांनी मान फिरवली. "मी त्याच्याशी बोलणार नाही."

"नका बोलू. गरम पाण्याला बोलावं लागत नाही. पण आक्काला आणि बाकीच्यांना मामंजींनी कामावर ठेवलंय, भाऊजी. काम का गेलं, हे त्यांना तुम्ही येऊन सांगा. माझ्या तोंडून ते निघणार नाही."

तुम्हाला सांगतो, बर्फाच्या कारखान्यात मला घाम फुटला. आक्कानं थोरल्यांना लहानपणी कडेवर घेतलेलं. त्यांनी एक ओलं पोतं उचलून स्वतःच्या हातानं त्या बंद यंत्रावर टाकलं. मग म्हणाले, "सही कुठं करायची?"

वहिनी बाहेर आल्या आणि वळणावर, कुणाला दिसणार नाही असं बघून, भिंतीला टेकून खाली बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही, मी आपला आभाळाकडं बघत उभा राहिलो.

आणि मग भिंतीला भोक पाडायचा दिवस. साहेबांची अट, दोन्ही मालक हजर हवेत. हजर होते, एक या अंगाला, एक त्या अंगाला. गवंड्यानं यंत्र लावलं, धुरळा उडाला, भोक पडलं. धाकटे बघायला वाकले. त्याच वेळी पलीकडून थोरले वाकले. आता दोघांची तोंडं समोरासमोर, मधे एक वीत विटा.

थोरले म्हणाले, "केस पिकले की रे तुझे."

धाकटे म्हणाले, "सिमेंट उडालंय."

थोरल्यांनी भोकातून हात घातला आणि त्यांचे केस झाडले. झाडले, पुन्हा झाडले. पांढरे ते पांढरेच. धाकटे म्हणाले, "असू दे दादा." आणि नेमकं तेव्हाच गवंड्याला खोकला आला, मला खोकला आला, साहेबांना चष्मा पुसायचा झाला.

पाणी सोडलं त्या दिवशी इस्त्रीखातं रिकामं, सगळ्या बाया नळाशी. आक्कानं हात धरला आणि चटकन मागं घेतला. "भाजलं गं बाई," म्हणाली, आणि असा हशा पिकला की पलीकडून बर्फवाले विचारायला आले. बॉयलर विझवला. धुराडं उतरवायला क्रेन आली तेव्हा अख्खी गल्ली गच्चीवर, आणि दुसऱ्याच दिवशी गल्लीतल्या बायांनी पहिल्यांदा पांढरे कपडे बाहेर वाळत घातले. मेट्रनबाईंनी चादर उजेडात धरली, उलटी धरली, वास घेतला आणि म्हणाल्या, "शेजारच्या हॉस्पिटललाही सांगते." थोरल्यांचं यंत्र भर दुपारी गुमान चालतं. बेकरीवाला येऊन गेला, दूधडेअरीवाला येऊन गेला, आमची भट्टी, आमचं शीतयंत्र, काही जमेल का? इस्त्रीखात्यात नव्या बाया घ्याव्या लागल्या. आणि या सगळ्यांना समजावून सांगतं कोण? वहिनी. मला कुणी विचारत नाही.

दोघा भावांचं म्हणाल तर, वर्षानुवर्षांचं साठलेलं सगळं आता निघतंय. सकाळी सुरू होतात. पाणी आज कोमट होतं, नव्हतं, व्हॉल्व्ह तू फिरवलास, मी नाही, बाबा असते तर, बाबा तसं कधी म्हणालेच नव्हते... भिंतीच्या दोन्ही बाजूंनी, भोकाला तोंड लावून, जेवायची वेळ टळून जाते.

परवा ते निधीचे साहेब आले होते, बरोबर दुसऱ्या गावांचे पाहुणे. सगळं दाखवून झालं, फोटो झाले, साहेबांनी वहिनींना विचारलं, "आता पुढच्या टप्प्यासाठी, अजून कुठली उष्णता वाया जातेय का तुमच्याकडं?"

वहिनींनी एकदा त्या भोकाकडं बघितलं, तिथं अजून व्हॉल्व्हचंच चाललं होतं. म्हणाल्या, "हे दोघं दिवसभर तोंडाची वाफ दवडतात. तिला पाइप लावता येतो का, तेवढं बघा."

साहेब म्हणाले, "वर विचारून कळवतो."

अजून काही कळवलेलं नाही.