मिरवणुकीला गेलेले मशीन

दिनांक १४ मे

माझे नाव सौ. धनश्री बिरदेव टेंगले, वय ३२ वर्षे, धंदा झाडे छाटण्याचा व उतरवण्याचा, राहणार वरवंड, ता. दौंड, जि. पुणे. माहेर न्हावरे, ता. शिरूर. मी पोलीस ठाण्यात आपल्या पायांनी आले आहे, मला कोणी पढवून पाठवलेले नाही. समक्ष सांगते ते असे की,

मी वरील ठिकाणी पती बिरदेव तात्याबा टेंगले व सासूबाई गिताबाई यांच्यासह राहते. पती गेल्या रविवारी झाडावरून पडले. ते पुण्याला खाजगी दवाखान्यात असून त्यांना कमरेखाली काही कळत नाही. ते पुन्हा उभे राहतील का, हे डॉक्टर सांगत नाहीत आणि मी दुसऱ्यांदा विचारलेले नाही. मी तक्रार द्यायला आले होते. इथे आल्यावर मला सांगण्यात आले की ज्या जेसीबीचा यात संबंध आहे, त्याची मालक कागदावर मीच आहे, म्हणून विचारपूस आधी माझ्याकडेच होईल. ती करावी. पण माझे पती झाडावर असताना त्यांच्या खालून मशीन कोणी नेले, हे या जबाबात आले पाहिजे. आमचे भागीदार विश्वजीत हौसराव जगदाळे म्हणतात की मशीनशी त्यांचा संबंध नाही, ते बिरदेवनेच पाठवले, आणि झाडाला बांधून घेतलेला बेल्टही बिरदेवने आपल्या हाताने सोडला. यातल्या पहिल्या दोन गोष्टी खोट्या आहेत. तिसरी अर्धी खरी आहे, आणि तिचीच मला जास्त चीड येते.

माझ्या सासऱ्यांची मेंढरे होती. उन्हाळ्यात बाभळीवर चढून मेंढरांना पाला पाडायचा, हे पती लहानपणी शिकले. पुढे मेंढरे गेली, पण चढण्याचा सराव राहिला. घरावर आलेली फांदी, तारांत घुसलेला गुलमोहर, विहिरीत कललेली चिंच, अशी कामे लोक त्यांना सांगू लागले. नंतर कुरकुंभच्या कंपन्यांमधून विचारणा आली. तिथे कुऱ्हाड आणि सोल, म्हणजे जाड दोर, खांद्यावर टाकून गेलेल्या माणसाला गेटवरूनच परत पाठवतात. हेल्मेट, बेल्ट, विमा, उंचावर जायची गाडी, सगळे विचारतात. तेव्हा धंदा नीट करायचा तर गाडी आणि सामान नीट घ्यायचे, असे आम्ही नवरा-बायकोने ठरवले.

विश्वजीत दादा पतींचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांचे वडील हौसराव आबा यांच्या शब्दाला गावात वजन आहे. दादा म्हणाले, सुरुवातीची रक्कम मी घालतो, कर्ज बाईच्या नावावर काढू, बायकांना योजनेत सवलत असते. मी म्हणाले, मग राजनंदिनी वहिनींच्या नावावर काढा. राजनंदिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यावर ते म्हणाले, "आमच्या घरातल्या बायका ब्यांकंत जात न्हाईत, वहिनी." माझे जाणे चालत होते. मी गेले व जिथे बोट ठेवले तिथे सह्या केल्या. सुनेच्या नावावर धंदा झाला म्हणून सासूबाईंनी आळीत पेढे वाटले.

गाडी बघायला आम्ही तिघे कोरेगाव भीमाला जुन्या मशिनरीच्या यार्डात गेलो. तिथे रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायला वापरतात तशी बास्केटची गाडी उभी होती. टेम्पोवर लोखंडी हात, त्याच्या टोकाला एक माणूस उभा राहील असा पिंजरा, आणि वर-खाली व्हायची बटणे त्या पिंजऱ्यातच. म्हणजे वर गेलेल्या माणसाला खाली यायला कोणाची मनधरणी करावी लागत नाही. रंग उडाला होता, पण काम ठणठणीत होते. पती वर गेले आणि वरूनच मला म्हणाले, "धना, हितं दोनी हात मोकळं ऱ्हात्यात गं." ते खाली यायला तयार नव्हते. आमच्या लग्नात त्यांच्या तोंडावर एवढा आनंद नव्हता, हे मी तिथल्या तिथे त्यांना बोलून दाखवले.

विश्वजीत दादांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ही काय गाडी हाय का? गावात नेली तर लोक म्हंतील, पंचायतीचा बल्ब बदलायला आल्यात. आपण जेसीबी घिऊ. झाडं काय रोज असत्यात व्हय? जेसीबी चारी खांदंल, पाइपलाइन करंल, आन् आबांचं पॅनल आलं तर गुलालाला भाड्यानं मशीन आणायला नको." आमच्याकडे निवडणूक जिंकली की जेसीबीच्या बकेटमधून फुले व गुलाल उधळतात, हे साहेबांनी पाहिलेले आहे. मी म्हणाले, आपला धंदा झाडांचा आहे, गुलालाचा नाही. त्यावर, "बकेटमधी उभा ऱ्हायला की बिरू वरच जातोय की," असे उत्तर मिळाले. मी पतींकडे पाहिले. ते म्हणाले, "दादाला आपल्यापरीस जास्ती कळतं." पैसा दादांचा होता, म्हणून जास्त कळत होते.

जेसीबी आला. पुढच्या काचेवर 'आबांचा आशीर्वाद' अशी अक्षरे काढून घेतली, वर रंगीत लाइटची पट्टी लावली, आत गाण्यांची सिस्टिम बसवली. फांद्यांचा भुगा करायचे मशीन घ्यायचे होते ते राहून गेले. झाडावर दोघे चढले तर दोघांना पुरतील असे चांगले बेल्ट आणि दोर आणा, असे मी सांगितले होते. एकच बेल्ट आला. आमची अ‍ॅल्युमिनियमची शिडी निवडणुकीचे फ्लेक्स बांधायला नेली, ती परत आली नाही. मी मागायला गेले तेव्हा दादांच्या आई सारजाबाई म्हणाल्या, "निकाल लागू दे गं. फ्लेक्स उतरवायला पुन्हा लागंलच की." मी चहा पिऊन रिकाम्या हाताने घरी आले.

रविवारी सोसायटीच्या निवडणुकीचा निकाल होता. सर्व्हिस रोडच्या एका गोडाऊनमागे जुना रेनट्री आहे, त्याची पत्र्यावर आलेली मोठी फांदी वळवाच्या आधी उतरवायची होती. पतींनी सकाळी माझ्यासमोर दादांना फोन लावला व विचारले, "आज मशीन लागंल का तुम्हाला? लागत आसंल तर मी झाडाला हात लावत न्हाई." दादा म्हणाले, "घी की, निकाल सांजंला हाय." फोन स्पीकरवर होता, मी ऐकले आहे.

ऑपरेटर मारुतराव यांनी पतींना बकेटमध्ये उभे करून वर उचलले. तिथून ते झाडाच्या पहिल्या बेचक्यात गेले व पुढे आणखी वर चढले. त्या झाडाचा खालचा बुंधा कवेत मावत नाही, म्हणजे चढायलाही मशीन आणि उतरायलाही मशीनच. वर जाऊन त्यांनी बेल्ट अडकवला. फांदीला सोल बांधला, तो वरच्या बेचक्यातून घेऊन त्याचे दुसरे टोक खाली मशीनला बांधले, म्हणजे फांदी एकदम न कोसळता सावकाश खाली यावी. फांदी अर्धी कापून झाली तेव्हा मारुतरावांना फोन आला. निकाल दुपारीच लागला होता.

मारुतरावांनी सोलाची गाठ सोडली आणि मशीन मागे घेतले. मी आडवी उभी राहिले. ते म्हणाले, "ताई, दादांचा फोन हाय. आबांची मिरवणूक निघती. फुलं टाकून आलोच." मी म्हणाले, "आवो, माणूस वर हाय ना." त्यावर, "दादा म्हणलं, बिरूला म्हणावं बस निवांत सावलीला." मी हलेना तेव्हा पती वरून म्हणाले, "जाऊ दी, धना. मारुतरावास्नी बोलणी बसत्याल." एवढ्या शब्दांवरून आता गावात सांगतात की मशीन बिरदेवने पाठवले. माझा नवरा आयुष्यभर लोकांना 'जाऊ दे' म्हणत आला आहे. बांधाला, वाट्याला, शिडीला, बास्केटच्या गाडीलासुद्धा तो तसेच म्हणाला. ती त्याची परवानगी नव्हती, सवय होती. लोकांना ती सोयीची पडली.

मी दादांना फोन लावत राहिले. एकदा उचलला, पण डीजेच्या आवाजात त्यांना काही ऐकू गेले नाही. मग गोडाऊनचे वॉचमन साहेबराव यांना झाडाखाली थांबवून मी स्कूटीवर चौकात गेले. शिडी आणावी तर घरोघरी कुलपे, सगळे गाव मिरवणुकीत. चौकात आमचे मशीन उभे होते. बकेट पूर्ण वर होती आणि तिच्यात दोन पोरे उभी राहून फुले उधळत होती. माणसे उचलायला मशीन मोकळे होते, फक्त माझा माणूस खाली घ्यायला नव्हते. मी दादांचा हात धरून सांगितले की ते वर अडकलेत, फांदी अर्धी तुटलेली आहे. ते म्हणाले, "वहिनी, आजच्या दिवस तरी तोंड आसं करू नका," आणि माझ्या कपाळाला गुलाल लावला. आबांनी उघड्या जीपवरून विचारले, "बिरदेव कुठाय? त्याला बी बोलवा की गुलालाला." मी ओरडून सांगितले, झाडावर आहे. आबा हसले. त्यांना मी गंमत करते असे वाटले असावे.

मारुतराव केबिनमधून हात जोडत होते. चारही बाजूंनी गर्दी होती, नाचणारी माणसे चाकांना खेटली होती, मशीन निघणे शक्य नव्हते. हे मी त्यांच्या बाजूने सांगते, कारण ते खरे आहे. तेवढ्यात वारे सुटले. आबांचे फ्लेक्स फडफडायला लागले आणि दोघे-तिघे ते धरायला धावले. मी तशीच परत फिरले.

गोडाऊनपाशी पोहोचले तेव्हा पती बुंध्याशी पडलेले होते. साहेबरावांनी सांगितले ते असे की, वाऱ्याने अर्धी कापलेली फांदी कडाकडा वाजू लागली. तिला धरून ठेवणारा सोल आता नुसता लोंबत होता. ती पतींच्या अंगावर येणार हे दिसत होते, म्हणून त्यांनी बेल्ट सोडला व बुंध्याला मिठी मारून उतरायला गेले. हात पुरले नाहीत. ते पडल्यावर फांदी आली, ती ते ज्या ठिकाणी बसले होते तिथूनच खाली आली. बेल्ट बिरदेवने सोडला हे एवढे खरे आहे. नसता सोडला तर आज मी विधवा म्हणून हाच जबाब दिला असता. दवाखान्यात नर्स माझे कपाळ पुसायला लागली, तिला ते रक्त वाटले. मी तिला म्हणाले, ते माझे नाही, मिरवणुकीचे आहे.

दुसऱ्या दिवशी विश्वजीत दादा व हौसराव आबा फळांची पिशवी घेऊन दवाखान्यात आले. आबा म्हणाले, नशिबात होते. दादा मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मशीन तुमच्या नावावर, ऑपरेटर तुमचा, काम बी तुमीच घेतल्यालं. केस केली तर आत तुमीच जाल. मग बिरूला कोण बघंल?" बोलताना त्यांनी 'वहिनी' हा शब्द एकदाही सोडला नाही. मला त्या माणसाचा संताप आहे. हे लिहिण्याची गरज आहे का, असे इथे मला विचारण्यात आले. आहे. रागाच्या भरात बोलली असे पुढे कोणी म्हणू नये. म्हणून राग वेगळा सांगितला आणि घडले ते वेगळे सांगितले.

आता मशीनबद्दल. दवाखान्यातून पोलिसांना खबर गेल्यावर ते जप्त होऊन ठाण्याच्या आवारात उभे आहे. आज सकाळी दादांनी वकिलांना माझ्याकडे पाठवले होते. मशीन सोडवायचे तर कोर्टात मालकाचा अर्ज लागतो, दुसऱ्या कोणाचा चालत नाही, आणि मालक मी आहे. पुढच्या आठवड्यात आबांचा तालुक्याला सत्कार आहे, त्याला मशीन हवे आहे. वकील म्हणाले, तुम्ही फक्त सही करा, बाकी आम्ही बघतो. मी सही केली नाही. मशीन उभे राहिले तरी कर्जाचे हप्ते माझ्याच नावावर चालू राहतील, हे मला इथे समजावून सांगण्यात आले. ते मला समजले आहे. ते मी कुठूनही भरीन. मालक म्हणून माझ्यावर गुन्हा घालायचा असेल तर तोही घालावा, विश्वजीत दादांच्या शेजारी माझे नाव लिहावे. पण मालक म्हणून मला हेही सांगायचे आहे की, मी मशीन मागणार नाही व माझ्या नावाने कोणी मागितले तर ते देऊ नये. पाऊस येईल, टायर बसतील, पत्रा गंजेल. येता-जाता सगळ्या तालुक्याला दिसेल असे ते इथेच उभे राहू द्यावे.

हा माझा जबाब ठाण्यातील ताईंनी मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. मी मध्ये कुठेही थांबवले नाही. मी बोलले तसाच तो लिहिला आहे व तो मला मान्य आहे.

सही/-
धनश्री बिरदेव टेंगले
मालक