बारा गाड्या आणि एक बाटली

...नाही, पोट कमी करा म्हणायला कुणाचं काय जातं हो? पोट म्हणजे काय भिंतीतली खुंटी आहे, उपटली आणि ठेवली बाजूला? तुम्हाला सांगतो, आमच्या आप्पासाहेबांचे त्या वर्षी जे हाल झाले ते वैऱ्याचेही होऊ नयेत! बांगलादेशची लढाई नुकती संपलेली, प्रवरेकाठी ऊस माजलेला, आणि उसाबरोबर आप्पासाहेबही वाढलेले. ऊस निदान तोडून कारखान्याला नेतात, यांना कोण नेणार?

बरं, माणूस जाड झाला तर झाला, गावाचं काय अडलं? पण चैत्रात खंडोबाची जत्रा, आणि जत्रेत बारा गाड्या ओढायचा मान यांच्या घराण्याचा! बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, वर गाव बसणार, बैल एकही नाही, आणि पहिल्या गाडीच्या जुवाला पाठ लावून भगतानं, म्हणजे आप्पासाहेबांनी, त्या ओढत देवळापर्यंत न्यायच्या. आजोबांनी नेल्या, वडिलांनी नेल्या... आणि हे गेल्या वर्षी निम्म्या वाटेत मटकन खाली बसले. देवाच्या दारात! चुलते भिमाजीअण्णांनी भर पारावर सांगून टाकलं, "आप्पा, औंदा बसलास तर मान आमच्या पोराला, गोरक्षनाथाला." झालं! आप्पासाहेबांच्या तोंडचं पाणीच पळालं. बापाचा मान आपल्या हातून जाणार, या विचारानं माणूस रात्र रात्र कुशी बदलायचा.

आणि गावानं दोष कुणाला दिला? बीयरला! अहो, मुतखडा झाला म्हणून संगमनेरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, चिठ्ठीवर दारूचं परमिट निघालं, आणि बाजाराच्या दिवशी एक बाटली. एकच! तीही निम्मीच... नाही, खरं सांगतो, सगळी. पण प्रमाणात! मुतखडा कधीच पडून गेला, परमिट तेवढं राहिलं, त्याला ते काय करणार? "जवाचं पानी हाय ते," म्हणायचे, "म्या काय पितो व्हय? औषध घेतो, परमानात."

तर ठरलं, पळायचं. पहाटे धोतर खोचून कारखान्याच्या रस्त्याला लागले. आता मला सांगा, आपल्याकडे चाळिशीचा बाप्या पळताना कधी दिसतो? घरात कुणी गेलं तर, नाहीतर बैल सुटला तर! पहिल्याच वळणावर बनुबाई शेण गोळा करत होत्या, त्यांनी पाटी खाली ठेवली आणि विचारलं, "कोन गेलं रं लेका?" हे म्हणाले, कुणी नाही, असंच पळतोय. असंच कुणी पळतं का? म्हातारीला वाटलं, दुःख लपवतोय बिचारा, म्हणून ती निघाली मागं. तिच्यामागं तिची सून, सुनेमागं दोन गडी, एकानं दोर घेतला, एकानं डोक्यावर बाजच घेतली, लागली तर असू द्यावी! कारखान्याच्या फाट्यावर हे थांबले तर पाठीशी निम्मं गाव. मग एवढ्या लोकांना तसंच कसं पाठवायचं? हॉटेलात चहा आणि भजी सांगणं आलं. आणि पाहुण्यांना खायला घालून आपण उपाशी बसणं बरं दिसतं का? खाल्ली. प्रमाणात!

दुसऱ्या दिवशी म्हणाले, पळणं नको, घरची रिकामी गाडीच ओढू. ओढली! तर गावभर बोभाटा, आप्पासाहेबांचा बैल गेला. लोक सांत्वनाला आले हो! शेजारच्या कानिफनाथानं तर मुकाट्यानं आपली जोडी आणून जुंपली, "आपल्या मान्साला लाजायचं न्हाई," म्हणाला, आणि आप्पासाहेबांना दंडाला धरून गाडीत बसवलं. व्यायामाला गेलेला माणूस गाडीत बसून घरी परत!

घरी रंगुबाई. नवऱ्याचा मान राहावा म्हणून त्या माउलीनं शेंगदाण्याचे लाडू, वर तूप, वर दूध असा सपाटा लावलेला. हे म्हणाले, अगं, मला बारीक व्हायचंय. त्या म्हणाल्या, "बारीक मान्सानं बारा गाड्या वडल्याल्या पाहिल्यात का कुटं?" यांनी ताट पुढं ओढलं. खाल्ले लाडू. प्रमाणात!

पाडव्याला भगताच्या अंगाला हळद लागली की जत्रेपर्यंत उपास आणि पथ्य. बीयर बंद! ते मात्र आप्पासाहेबांनी मनापासून पाळलं, देवाशी लबाडी नाही. फक्त आधीच आणलेली एक बाटली सुतळीनं बांधून देवळामागच्या विहिरीत सोडून ठेवली, गार राहायला. जत्रेनंतर घ्यायची, एवढ्या आशेवर तो माणूस जगत होता.

जत्रेचा दिवस. जुवाला पाठ लावली, येळकोट झाला, भंडारा उधळला... आणि गाड्या हलेनात! आप्पासाहेबांनी डोळे मिटले, त्यांना बापाची आठवण आली, खरंच रडू आलं हो. आणि मग हलल्या! आता का हलल्या म्हणाल, तर मागून गाव रेटतं, दरवर्षी रेटतं, बोलत कुणी नाही. आणि सगळ्यात जोरात कोण रेटत होतं? गोरक्षनाथ! मान आला की उपास आला, हे त्याला पक्कं ठाऊक. पुढं उतार लागला, मग ओढायचं कुठलं? बारा गाड्या मागं लागलेल्या, आप्पासाहेब जीव घेऊन पुढं! ते जे पळाले ते थेट देवळाच्या पायरीशी.

मान राहिला! लोकांनी उचलून विहिरीवर नेलं, हळद धुवायला. कुणीतरी सुतळी ओढली, तर बाटली वर. भिमाजीअण्णांनी विचारलं, हे काय? त्या दिवशी खोटं कसं बोलणार? मान खाली घालून म्हणाले, "जवाचं पानी हाय, अण्णा. माजंच हाय."

अण्णांनी वास घेतला, बराच वेळ घेतला. मग तळहात पुढं केला. "आज भगताच्या हातचं तीर्थच की. वाढ समद्यास्नी. परमानात."

सगळं गाव रांगेला लागलं हो! आप्पासाहेब पळीपळीनं वाढत गेले, आणि शेवटी बाटली उपडी केली तर जिभेवर नुसता फेस.

बाटली तेवढी घरी आली. दुसऱ्या दिवशी रंगुबाईंनी ती धुतली आणि तिच्यात रॉकेल भरलं. काठोकाठ नाही हो... रेशनवर जेवढं मिळालं तेवढं. प्रमाणात!