नवरी कलमात बसत न्हाई

न्हाई, पण मी म्हणतो, माणसाचा डोळा गेला तर भरपाई, पाय गेला तर भरपाई, ट्रंक गेली तर भरपाई, पाण्याचा तांब्या मोटारीतनं घरंगळून गेला तरी भरपाई... आणि नवरी गेली तर? नवरी गेली तर काय न्हाई! का न्हाई? तर म्हणं, त्ये कलमात बसत न्हाई! हसा. हसा की रं! सगळं माधवनगर हसलंय, तुमीच तेवढं मागं का ऱ्हाता? पण हसायच्या आधी ऐका तरी. उद्या तुमच्यातल्या कुणाला कुठं जायाचं असंल, आणि कोट घातलेला कुणी दारात येऊन 'प्रवासाचा विमा' म्हणाला, तर निदान काय इचारायचं ह्ये तरी ठावं असावं. मला न्हवतं. मी मागावरचा माणूस. धोटा इकडनं तिकडं जातो, तेवढाच माझा प्रवास!

तर तुमाला सांगतो, लढाईची सालं, आणि माझं लगीन ठरलं. पोरगी रहिमतपुराकडची, शालू तिचं नाव. बघायला गेलो मी आणि नाथाजीमामा. आई-बापामागं ह्या मामानंच मला वाढवला, पण पल्टणीतनं हवालदार हून आलेला माणूस, त्येच्या तोंडातनं साधं बोलणं येतच न्हाई, हुकूमच येतो. 'नाव बोल! सैपाक येतो? चालून दाखव!' पोरगी चालली. मामा 'हाल्ट' म्हणाला न्हाई, ह्येच नशीब! शेवटाला तिचा बाप अर्जुना म्हणाला, 'पोरी, तुला काय इचारायचं असलं तर इचार.' आता असं कुठला बाप म्हणतो? आणि म्हणाला तरी कुठली पोरगी इचारती? तर तिनं मान वर केली आणि मला म्हणाली, 'मागाच्या आवाजानं कान दुखत न्हाईत का तुमचं?'

...गड्यांनो, मिसरूड फुटायच्या आधीपासनं मी त्या खडखडाटात उभा हाय. मालकानं न्हाई इचारलं, जॉबर मुकादमानं न्हाई, मामानं न्हाई. मी म्हणालो, 'दुखत्यात.' झालं! खरं सांगायचं तर माझं लगीन तितंच लागलं. पण त्ये कलमात बसत न्हाई!

मुहूर्त निघाला गोरजाचा, आणि त्यो मोसमातला शेवटचा. पुढं चातुर्मास, म्हंजे तुळशीचं लगीन होईपत्तर कुणाचंच काय न्हाई. वऱ्हाड मोठं. आगगाडीनं जावं तर गाड्या शिपायांनी भरलेल्या, पाय ठेवायला जागा न्हाई. मामा म्हणाला, 'मोटार! वऱ्हाड मोटारीनंच मार्च करंल!' आणि तवाच गिरणीच्या फाटकाशी उभा असायचा त्यो सयाजी. विमा कंपनीचा एजंट. सातारकडचा, आमच्याच जातीतला, बिनलग्नाचा, स्वभावानं चांगला गडी. चांगला, ह्येच तर वाईट हाय! त्यो लबाड असता तर मी आज त्येला शिव्या घालून सुखानं झोपलो असतो.

घरी आला, कागद पसरला, आणि शाळामास्तरागत सांगाय लागला, 'बाळासाहेब, नीट समजून घ्या. हप्ता म्हणजे तुम्ही आम्हाला द्यायचा. भरपाई म्हणजे आम्ही तुम्हाला द्यायची. दावा म्हणजे...' मामा म्हणाला, 'भांडण!' 'भांडण नव्हे हो, अर्ज! आता अपघात म्हणजे काय? अचानक झालेला, बाहेरून झालेला आणि डोळ्यांना दिसेल असा. जीव गेला, पूर्ण रक्कम. दोन डोळे गेले, पूर्ण रक्कम. एक डोळा गेला, निम्मी.' मामा म्हणाला, 'एक डोळा आणि एक पाय?' 'पूर्ण!' मामा असा खूश झाला आणि माझ्या पायाकडं असा बघाय लागला की मी पाय मांडीखाली घेतला! 'सामान हरवलं, भरपाई. गाडी वाटेत बंद पडली, त्यालाही विलंबाचं कलम आहे.' मी म्हणालो, 'मग सुटलं काय?' 'खाली बारीक अक्षरात आहे, तेवढं सुटतं.' 'मग त्येच वाचा की!' तर म्हणाला, 'ते नेहमीचंच असतं हो!'

ऐकलंसा? नेहमीचंच!

मग म्हणाला, 'तुमचं काही बरंवाईट झालं तर वारस कोण?' मामानं मिशीवरनं हात फिरवला, छाती काढली. मी म्हणालो, 'शालू.' 'अहो, पण लग्न व्हायचंय अजून.' 'पोचल्यावर हुईलच की!' त्येनं लिवलं. मामा संध्याकाळपत्तर माझ्याशी बोलला न्हाई. आणि मीच, ह्या तोंडानं, सयाजीला म्हणालो, 'लग्नाला या हं!' 'येणार की, माझं गाव तिकडंच आहे.' त्यो एकटा माणूस. गार्डाच्या वळखीनं आगगाडीत बसला आणि पोचलासुदीक.

आणि आमी? मोटार पेट्रोलवरची न्हवती बरं का! पेट्रोल सगळं लढाईवर. मोटारीच्या पाठीवर ह्यो एवढा डबा, त्यात कोळसा पेटवायचा, त्येचा धूर पुढं जायाचा आणि त्या धुरावर मोटार चालायची. चालायची म्हंजे तिच्या मनात आलं तर! आप्पासो म्हणून डायवर. आष्ट्याला थांबला, म्हणाला, 'तापलीया.' इस्लामपुराला थांबला, म्हणाला, 'थंड पडली.' आवं, नक्की काय? कराड ओलांडलं, मसूरच्या अंगाला चढ लागला, आणि ती जी बसली, ती म्हशीगत बसली. मामा खाली उतरून पल्टणीतल्यागत ओरडला, 'फालिन! सगळे मागं लागा! धक्का!' बाया उतरल्या, करवली उतरली, वाजंत्री उतरलं, आणि मी नवरदेव, मुंडावळ्या सावरत डब्याचा पंखा फिरवतोय, का तर इस्तू इझू नये म्हणून! धूर नाकात, काजळी तोंडावर, पांढरं धोतर तव्याच्या बुडागत झालेलं.

आणि कोळसा संपला.

आता काय करता? आप्पासो म्हणाला, 'करवंट्या चालत्यात.' मामानं हुकूम सोडला, 'नारळ फोडा!' आवं, लग्नाचं नारळ! रस्त्याच्या कडंला बसून सगळं वऱ्हाड खोबरं खातंय आणि करवंट्या डब्यात पडत्यात! मोटार खोकली, हलली, टेकाडाच्या माथ्यापत्तर गेली... आणि तितं जी थांबली ती कायमची. खाली गाव दिसत हुतं. मांडव दिसत हुता. आणि सूर्य? त्यो काय कुणासाठी थांबतो? मामा म्हणाला, 'बाळ्या, पळ! आमी आलोच मागनं!'

पळालो. बाशिंग काखंत, मुंडावळ्या खिशात, जोडा एक पायात आणि एक कुठं गेला त्येचं त्येला ठावं. दगड बघितला न्हाई, काटा बघितला न्हाई. नुसतं मनात एकच, थांबलं असतील, थांबलं असतील... वेशीपाशी आलो आणि कानावर आलं, 'शुभ मंगल सावधान!' मला वाटलं, तालीम करत असतील! माणसाचं मन बघा, काय वाटतंय त्येला! मंगलाष्टकांची कुणी तालीम करतं का?

मांडवात शिरलो, तर एका म्हाताऱ्यानं मला बघितलं. मी सगळा काळा. त्यो म्हणाला, 'आरं कोळशावाल्या, ये ये, बाजूला उभा ऱ्हा, ह्या अक्षता घे, जेवून जा.' आणि माझ्या हातात अक्षता दिल्या. मी टाचा उंच करून बघितलं. अंतरपाटाच्या अल्याड शालू. पल्याड सयाजी! त्योच कोट, त्येच्यावर मुंडावळ्या!

ओरडावं की न्हाई? तुमी ओरडला असता. मी बी ओरडणार हुतो, तोंड उघडलं हुतं... आणि तेवढ्यात शेवटचं 'सावधान' झालं. अंतरपाट गेला. सगळ्यांचं हात वर गेलं, आणि माझा हात... आवं, हात गेला! माझ्या लग्नाच्या अक्षता मीच टाकल्या, दुसऱ्याच्या डोक्यावर. तिनं हार घातला. मान खाली हुती, मला दिसली न्हाई ती नीट. वाजंत्री वाजलं. त्यांचं वाजंत्री. आमचं तर टेकाडावर खोबरं खात हुतं.

मग मामा आला, वऱ्हाड आलं, अशी बोंबाबोंब झाली! मामानं काठी उगारली. अर्जुना पुढं आला, पागोटं काढून माझ्या पायाशी ठेवलं, रडला म्हातारा. म्हणाला, 'पावणं, दिस बुडाला, तुमचा पत्त्या न्हाई. कोण म्हणालं, मोटार दरीत गेली. पोरीच्या अंगाला हळद लागलेली, मुहूर्त ह्यो शेवटचा. हळदीची पोर तुळशीच्या लग्नापत्तर घरात कशी ठिवू? गावानं मांडवात बघितलं, जातीतला बिनलग्नाचा ह्यो एकच. त्यो बी न्हाई न्हाई म्हणत हुता. मी काय करायला पायजे हुतं, तुमीच सांगा.'

काय सांगू? मी म्हणालो, 'तुमचं काय चुकलं न्हाई.' पागोटं उचलून त्येच्या डोक्यावर ठेवलं, तर त्येला बी माझ्या हाताची काजळी लागली. मग म्हणाले, जेवा. मामा म्हणाला, 'हराम हाय हितलं पाणी!' मी बसलो. गुळाची लापशी हुती. जेवलो. जेवलो की! भूक लागली हुती. आता एवढं झाल्यावर भूक कशी लागती, मला नका इचारू.

आणि बघा कसं हाय, वाटंत मेलो असतो तर पूर्ण रक्कम, आणि तीबी शालूलाच. डोळा गेला असता, पाय गेला असता, तर निम्मी तरी. मी आपला धडधाकट पोचलो, म्हणून त्ये कलमात बसत न्हाई!

मामा सोडतोय व्हय? 'दावा ठोक! पल्टणीत असतास तर कोर्ट मार्शल केलं असतं त्येचं!' दावा द्यायचा कुणाकडं? एजंटाकडं. एजंट कोण? सयाजी! ऱ्हायला कुठं? सातारला, बायको घेऊन. मामाला म्हणालो, मला न्हाई जायाचं. ...खोटं कशाला बोलू, जायाचं हुतं.

दार तिनंच उघडलं. आता तोंड धुतलेलं हुतं माझं, म्हणून वळखलं. म्हणाली, 'लय उनातनं आलासा. बसा.' आणि आत गेली. सयाजी बाहीर आला, मला बघून त्येचा चेहरा असा झाला, जसा काय त्योच दावा घेऊन आलाय! म्हणाला, 'बाळासाहेब, मी नाही म्हणालो होतो हो तेव्हा. तीनदा म्हणालो.' मी म्हणालो, 'त्ये असूं द्या. कागद बघा.'

कागद काढला. आतनं पितळी भांड्यांचा आवाज येत हुता. सयाजी वाचाय लागला, 'इजा?' न्हाई. 'बाहेरून दिसेल अशी काही?' मी म्हणालो, 'बाहेरनं न्हाई.' त्येनं मान खाली घातली. 'सामान?' नारळ गेलं. 'ते तुम्हीच जाळलेत, बसत नाही. विलंब... विलंबाचं कलम आहे. वाटेत अडकल्यामुळं एका वेळच्या जेवणाचा खर्च. त्या दिवशी जेवलात का?' आता मी खोटं बोलाय पायजे हुतं. बोललो न्हाई. म्हणालो, 'जेवलो. तुमच्याच पंगतीला.' त्येनं टाक खाली ठेवला.

'आणि बाकीचं?' मी इचारलं. 'बाकीचं ते बारीक अक्षरातलं,' त्यो म्हणाला, 'परिणामी नुकसान.' 'म्हंजे?' 'म्हणजे, गाडी थांबली, हे नुकसान. गाडी थांबली म्हणून पुढं जे जे झालं, ते परिणामी. ते कंपनी देत नाही.'

आतला भांड्यांचा आवाज थांबला. आणि पडद्यामागनं तिचा आवाज आला, 'मग त्ये कुणी द्यायचं असतं?'

सयाजी कागदाकडं बघतोय, मी माझ्या पायाकडं बघतोय. मग ती चहा घेऊन आली, मधी ठेवला. दोघांच्या मधी, असा बरोबर मधोमध. मी प्यालो, उठलो. सयाजी कोपऱ्यापत्तर घालवायला आला, म्हणाला, 'मी वरती लिहून बघतो.' मी म्हणालो, 'नका लिवू. ती बरी हाय न्हवं? बरी ठेवा.' त्येच्या डोळ्यांत पाणी आलं. चांगला गडी, म्हणालो न्हवं का मी! आता ह्येच्यावर राग तरी कसा काढायचा?

तरी त्येनं लिवलंच, आणि वरनं उत्तर आलं. दावा नामंजूर. मामानं त्ये पंचांत नेऊन वाचून दाखवलं, म्हणून तर सगळं गाव हसतंय!

आता तुमी इचारणार, पुढं काय? पुढं काय असतंय? मामानं हुकूम सोडला. तुळशीचं लगीन झालं, आता परवा माझं हाय, तुमाला आवतान देतोच. मामा म्हणाला, 'ह्या बारीला रस्ताच नको!' रंगूबाईची हरणा हाय न्हवं, आपल्या पलीकडच्या चाळीतली? तीच. पोरगी चांगली हाय, कामाची हाय, मी काय न्हाई म्हणतोय? मोटार नको, आगगाडी नको, मुहूर्त चुकायची भीती न्हाई. काल गिरणीच्या फाटकाशी एक नवा एजंट आलाय, कोटवाला. मला म्हणतो, 'लग्नाला जाताय, विमा?' मी म्हणालो, 'भाऊ, माझ्या आणि मांडवाच्या मधी फक्त एक गटार हाय. तेवढी जोखीम माझी मी घेतो!'