नंदू आत्ता कुठवर पोचला असेल?

...आणि वर बायको मलाच म्हणते, ‘तुम्ही आईंना नादी लावलंत!’ अहो, मी? तुम्हाला सांगतो, माझा धाकटा भाऊ नंदकिशोर इंजिनिअरिंग शिकायला लंडनला निघाला, आम्ही सगळे अंधेरीहून एका टॅक्सीत कोंबून घेऊन सांताक्रूझला विमानतळावर गेलो, हार घातले, रडलो, विमान उडालं... घरी येऊन चपला काढतोय तोच आई म्हणते, ‘विद्याधर, नंदू आत्ता कुठवर पोचला असेल रे?’

कुठवर? ‘पार्लं ओलांडलं असेल बघ!’ म्हटलं. नको होतं म्हणायला. आई शांतपणे म्हणाली, ‘बरं. तो पोचला की मी जेवेन.’

वाट लागली! अहो, लंडन इथून जवळजवळ पाच हजार मैल! मध्ये कैरो, मध्ये जिनिव्हा, उतरा, पेट्रोल भरा, पुन्हा उडा... दीड दिवस तरी हवा की नको? आई जेवत नाही म्हटल्यावर तिची सून, आमची उत्तरा, कशी जेवणार? आणि ती जेवत नाही म्हटल्यावर मला कोण वाढणार? मी आपला भिंतीवरच्या नकाशासमोर. ‘आत्ता कुठवर पोचला असेल?’ समुद्रावर. ‘आत्ता?’ समुद्रावरच! ‘इतका वेळ?’ तिला म्हटलं, आई, तिकडचं घड्याळ आपल्या मागे असतं. तर म्हणते, ‘मागे? म्हणजे अजूनच उशीर की रे!’ आता बोला!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली, पोचल्याची तार नाही. आणि आई विचारायचीच थांबली हो... नुसती दाराकडे तोंड करून बसली. तेव्हा मात्र मी चपला पायात सरकवल्या. म्हटलं, ऊठ, विमानतळावरच जाऊ.

काउंटरवर एक टायवाला पोरगा. ‘फ्लाइट इज डिलेड ॲट कैरो, सर.’ आईनं माझी बाही घट्ट धरली. ‘पडलं का रे?’

तो पोरगा काउंटर सोडून बाहेर आला. ‘नाही हो मावशी! जमिनीवरच आहे. इंजिन दुरुस्त करतायत. सगळ्यांना हॉटेलात ठेवलंय.’

‘जेवायला देतात?’

‘दोन्ही वेळा, मावशी.’

आई तिथंच बाकावर बसली आणि पदरात तोंड घालून ढसाढसा रडली. मीसुद्धा... म्हणजे मी चष्मा पुसत होतो. पोरानं चहा मागवला. ‘नंदू जेवला ना, मग घेते,’ म्हणून प्यायली बिचारी. पण जेवण? ते लंडनलाच!

शेवटी तार आली. ‘सुखरूप.’ उत्तरानं ताटं मांडली, आई पोटभर जेवली, मी तिसऱ्यांदा भात घेतला. झकास! तर हात धुता धुता आई म्हणते, ‘विद्याधर, येताना त्याला बोटीनं ये म्हणून कळव. विमानाचा काही भरवसा नाही.’

कळवलं. काय करणार? आई आहे... पण बोटीला तीन आठवडे लागतात हो!