मासा खोटं बोलत नाही, जावईबापू!

नाही, तुम्हीच मला सांगा, रबराची कोळंबी आणि जिवंत खेकडा, मासा काय खाईल?... खेकडाच ना? पण हे आमच्या सासऱ्यांना कोण सांगणार! बंदरावर त्यांचं आमिषांचं दुकान. लग्न झाल्यापासून ते मी सांभाळतो. हाताचा वास साबणाने जात नाही, बायको जेवताना पलीकडे सरकून बसते! आता सासरे थकले, दुकान कुणाच्या तरी नावावर करायचं, तर मधेच उगवला आमचा साडू! टाय लावून, रबरी आमिषांची पेटी घेऊन! म्हणतो कसा, "बाबा, हल्ली सडका माल कुणी घेत नाही." सासरे म्हणाले, "उतरा दोघं पाण्यात. ज्याच्या आमिषाला मासा, त्याचं दुकान. मासा खोटं बोलत नाही, जावईबापू!"

तर तुम्हाला सांगतो, ओहोटीची वेळ, प्रवाळाचा उथळ खडक, गुडघाभर पाणी, आणि ऊन असं की टाळू भाजून निघाली... मी आधी खरी कोळंबी लावली, तर चिल्ल्यापिल्ल्या माशांनी गळ चाटूनपुसून साफ! मग माकूळ लावलं, चिवट, टिकलं... इतकं टिकलं की कुणी तोंडच लावेना! शेवटी खेकडा. आणि काय सांगू, धूड आलं हो एक, तोंड खडकात, शेपटी पाण्याबाहेर... गिळला! तेवढ्यात साडू, "अहो, मासा! मासा!" करत पाण्यात थयथय नाचला... मासा उधळला, दोरी प्रवाळावर घासली, तुटली! मी नुसती काठी धरून उभा! आणि थोड्या वेळाने त्याच्या रबराला मासा... सासरे काठावरून ओरडले, "मासा खोटं बोलत नाही, जावईबापू!"

सासऱ्यांच्याच घरी बायकोने तो मासा चिरला. पोटात काय? माझा खेकडा! माझा गळ! गाठसुद्धा माझ्या हातची! ताटलीत घालून सासऱ्यांपुढे धरलं, "बघा! आता हा काय खोटं बोलतोय?" त्यांनी चष्मा लावला, निरखून पाहिलं. म्हणाले, "म्हणजे तुमचं खाऊन त्याचं पोट भरलं नव्हतं."

झालं! दुकान साडूच्या नावावर!

जेवायला बसलो. म्हटलं, बायको तरी बोलेल, तिचेच बाबा... ती वाढता वाढता म्हणाली, "मासा चवीला मात्र छान झालाय हं!"

दोन तुकडे घेतले मी. काय करणार... दिवसभर उन्हात उभं राहून भूक लागली होती.