कारखान्याची माती

घरकुलाच्या अर्जाची रांग तासभर हलली नव्हती. पुढच्या कुसुमावतीने पिशवीतली दोन वांगी काढून मागे उभ्या सुहासिनीबाईंच्या हातात कोंबली. "घ्या बाई, घरची हायेत," म्हणाली आणि पुन्हा नवऱ्याकडे वळली.

"अहो, पण घरकुलं देऊन राहिले तिथं तर रंगाचा कारखाना होता. मामंजी सूत रंगवायले तिथंच नेत. नाल्याले रोज नवा रंग राहे."

"आता साफ केली वं जागा. पुरुषभर खोल माती काढून फेकली, मशीननं तपासली. साहेब म्हणे, आता डोळे मिटून राहा."

"अन् काढलेली माती?"

"ट्रकनं नेली."

"कुठं?"

"मले काय मालूम! दूर कुठंतरी."

"निळसर होती का?"

"हो. तुले कसं मालूम?"

"दिवाळीत ट्रकवाला आपल्या गल्लीत नव्हता आला? म्हणे, माती फुकट, कोणाले पाहिजे? मी अंगणात टाकून घेतली."

"काहून वं?"

"फुकट होती ना! ही वांगी त्याच्यातलीच तर हायेत."

"म्हणजे जागा साफ झाली, अन् घाण आपल्या घरी?"

"म्हणूनच म्हणते, आपण तिथं राहायले जाऊ. अर्ज नीट भरा."

सुहासिनीबाईंनी दोन्ही वांगी हळूच तिच्या पिशवीत परत सोडली.

"अहो, पिशवी जड लागून राहिली."

"वांगी मोजून पाह्य."

"बारा! आणलीच होती बारा, त्यातली दोन तर मघाशी या बाईले दिली."

"मग?"

"मग काय! मातीत दम हाये. पिशवीतही वाढून राहिली."