पन्नाशीवरचा कप

पळणाऱ्याच्या मनात कपट राहत नाही, असं पूर्णेतल्या दहा किलोमीटर शर्यतीच्या पत्रकावर छापलं होतं. ते वाक्य लिहिणाऱ्या उत्तराबाई शर्यतीच्या आदल्या दिवशी नंबर वाटायला टेबलाशी बसल्या होत्या. रांगेत पुढं निवृत्त अप्पाराव मास्तर, मागं रेल्वेतले धम्मानंद.

“धम्मानंद, दोन मिनिटं पळून एक मिनिट चालायचं, हे तूच शिकवलंस ना मला?”

“मग? दम टिकतो, मास्तर.”

“अन् तू मात्र चुडाव्याच्या रस्त्यानं सलग पळायलास म्हणं.”

“कोण म्हणलं?”

“दूधवाला.”

“त्याची गाडी भुर्रकन जाती. चालायची मिनिटं त्याला कुठून दिसणार?”

“तीनदा गेला तो. तिन्ही वेळा तू पळतच होतास?”

“योगायोग हाय. तुमच्या सूनबाई तर म्हणल्या, तुमी आता पाच मिनिटं पळून अर्धंच मिनिट चालायलात.”

“म्हंजी घरी येऊन चौकशी करायलास माझी!”

“मागच्या साली पन्नाशीवरचा कप तुमी नेला. यंदा न्हाई सोडत.”

“मग उद्या दोघं बराबर पळू. घड्याळ माझं.”

“तुमचं घड्याळ? लय शहाणे! घड्याळ बाईंचं.”

उत्तराबाईंनी यादी पाहिली. गटाला किमान तीन नावं लागत होती. पन्नाशीवरची दोनच आली होती, म्हणून तो गट सकाळीच रद्द झाला होता.